बिनहँडलची दारं

जुन्या पिकअपच्या दाराचं बाहेरचं हँडल काढायला अर्धा तास पुरतो. भोक बुजवून पत्रा एकसारखा करायला, घाई केली नाही तर, दोन-तीन दिवस. पण हँडल नसलेलं ते दार पावसात, धुळीत, बॅटरी बसलेली असताना बाहेरून हमखास उघडेल, ही व्यवस्था करण्यात आमचा जवळजवळ सगळा हिवाळा गेला. माझ्या मते खरं काम तेच आहे. म्हणून हे करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढंच सांगतो, की वेल्डिंगला शेवटी हात घाला. दार उघडायची दुसरी वाट आधी तयार करा, ती काही दिवस वापरून बघा, आणि मगच पहिली वाट बंद करा.

आमची गाडी १९५० ची शेव्हर्ले ३१००. अर्ध्या टनाची पिकअप, २१६ घनइंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन, गोलसर केबिन, पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये ते काम थांबलं. ही गाडी त्याच काळातली. निमाडातल्या एका जिनिंग फॅक्टरीत तिने सरकीची पोती वाहिली, आणि फॅक्टरी बंद पडल्यावर आमच्या थोरल्या काकांनी ती इंदूरला आणली. या मालिकेतल्या गाड्यांना १९५१ पर्यंत बाहेरून फिरवायचं लांबट हँडल होतं, १९५२ पासून बटणाचं आलं. आमचं लांबट.

ते का काढायचं, असं घरच्यांनीही विचारलं. या गाडीचा सगळा जीव तिच्या गोलाईत आहे. पुढच्या मडगार्डाचा फुगवटा दारापाशी येऊन मिटतो, तिथून केबिनची पाठ सुरू होते, आणि नेमकी तिथे हँडलपाशी नजर अडते. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, १९४० च्या दशकापासून शौकीन लोक गाडीची हँडलं, बिल्ले, क्रोमच्या पट्ट्या काढून तिचं अंग मोकळं करत आले आहेत. आणि इंदूरला तरी मनाजोगती बॉडी बांधून घेणं कुठे नवीन आहे? महाराजा यशवंतराव होळकरांची डुझेनबर्ग गाडी अमेरिकेची, पण तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली. आपल्या गावाला ही नजर आहे, असं मला मनापासून वाटतं.

मात्र शौकाआधी कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, की ज्यामुळे नोंदणीतला तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरवलेला तपशील यांचा मेळ बसणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी ठाम केलं. शिवाय २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अट अशी, की चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मला ही नोंदणी हवी आहे. त्यामुळे मूळ दारांना हातसुद्धा लावायचा नाही, हे आधीच ठरवून टाकलं. लोहामंडीतल्या एका भंगारवाल्याकडे याच केबिनच्या दारांची जोडी मिळाली. खालची कड सडलेली, पण वरचा पत्रा धड. सगळं काम त्या जोडीवर केलं. नोंदणीला आणि रस्त्यावरच्या फेरीला मूळ दारं, मैदानातल्या प्रदर्शनाला ही बिनहँडलची. बिजागऱ्यांच्या बोल्टांशेजारी खुणेची बारीक भोकं पाडून ठेवली आहेत, त्यामुळे दोघांनी मिळून अर्ध्या दिवसात दारं बदलता येतात. ज्यांना दुसरी जोडी मिळणार नाही त्यांनी मूळ पत्रा कापण्यापूर्वी पुन्हा एकदा विचार करावा. एकदा वेल्डिंग झालेलं दार पूर्वीसारखं होत नाही.

डेंटिंग मामांनी केलं. मालवा मिलकडे त्यांचं छोटं गॅरेज आहे आणि सगळे त्यांना मामाच म्हणतात. वायरिंग माझ्या पुतण्याने केलं. तो पीथमपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. रविवारी सकाळी पोहे खाऊन गॅरेजला जायचं, ते दिवेलागणीपर्यंत, असा आमचा क्रम होता.

दाराचा आतला पुठ्ठा काढला की सगळी यंत्रणा दिसते. बाहेरच्या हँडलची चौकोनी दांडी पत्र्यातून सरळ लॉकमध्ये शिरते. आतल्या हँडलची वाट वेगळी. त्याच्यापासून एक लांब पट्टी मागे लॉकपर्यंत जाते आणि लॉकचा खटका ओढते. या दुसऱ्या वाटेमुळेच हे काम शक्य होतं. चौकोनी दांडी गेली तरी खटका तिथेच आहे, त्याला ओढणारं काहीतरी द्यायचं, बस. आणि आतलं हँडल आहे तसं, पूर्णपणे यांत्रिक, ठेवायचं. आत बसलेल्या माणसाचं बाहेर पडणं कोणत्याही वायरवर अवलंबून असता कामा नये, याबाबत मी तडजोड करायला तयार नव्हतो.

पुतण्या म्हणाला, “काका, सेंट्रल लॉकची मोटर लावू. सियागंजात कुठेही मिळते.”

मामांनी मान हलवली. “ती मोटर कुलूप लावते-काढते. दार उघडायला तिचा जीव पुरणार नाही. आधी ओढ मोजा.”

ओढ मोजायला प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घेतला. हुक खटक्याच्या टोकात अडकवला आणि दार बंद करून हळूहळू ओढत गेलो. आकडा चढत चढत तेरा किलोपर्यंत गेला, तेव्हा कुठे लॉक सुटलं. सेंट्रल लॉकची मोटर चार-पाच किलोपलीकडे ओढत नाही. मग दोन्ही लॉकं काढून रात्रभर घासलेटमध्ये टाकली. सकाळी ट्रेच्या तळाशी काळ्या ग्रीसचा आणि निमाडच्या लाल मातीचा थर बसला होता, इतका की बोटाने उचलता यावा. ब्रशने धुऊन, दातेरी चाकाची झिजलेली कड पाहून, स्प्रिंग बदलून, पांढरं ग्रीस लावून लॉक परत बसवलं आणि काटा पुन्हा अडकवला. या वेळी साडेपाच किलोला सुटलं. पुढच्या सगळ्या निवडी या एका आकड्यावर झाल्या, म्हणून सांगतो, मोजल्याशिवाय काहीही विकत आणू नका.

लॉकइतकंच महत्त्व बिजागऱ्यांना आहे, आणि तिकडे फार कुणी बघत नाही. दार लोंबत असेल तर लॉक स्ट्रायकरवर, म्हणजे चौकटीवरच्या ज्या भागात ते अडकतं त्यावर, तिरकं घासतं. हाताने हँडल ओढताना आपण नकळत दार थोडं उचलतो आणि काम भागतं. इथे हाताऐवजी खटका ओढणार सोलनॉइड, म्हणजे वीज मिळताच दांडा आत ओढणारी कॉइल. त्याला ती समज नसते. आम्ही जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून दार वरखाली करून पाहिलं तेव्हा वरच्या बिजागरीत खेळ स्पष्ट दिसला. सांवेर रोडवरच्या एका लेथवाल्याकडून नवीन पिना आणि पितळी बुश करून घेतले. मग दाराभोवतीच्या रबराची तपासणी. नईदुनियाच्या जुन्या अंकाची पट्टी रबरावर ठेवायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सगळीकडे सारख्या जोराने निघाली पाहिजे. कुठे सहज सुटली तर तिथे फट आहे, कुठे फाटली तर तिथे दाब जास्त आहे. हे जुळवण्यात मामांनी स्ट्रायकरखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या घातल्या आणि काढल्या, त्याची गणती ठेवली नाही.

आता वीज. या गाडीचं मूळ वायरिंग ६ व्होल्टचं. सोलनॉइड, रिले (थोड्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच), रिमोट हे सगळं १२ व्होल्टवर चालतं. आमची गाडी आधीच १२ व्होल्टवर नेलेली होती, म्हणून तो टप्पा वाचला. नसेल तर त्याचा खर्च आणि वेळ आधीच धरा.

सोलनॉइड घेतला तो २२ किलोच्या आसपास ओढीचा. साडेपाच किलोच्या कामाला एवढा कशाला, असं वाटेल. पण सोलनॉइडची पूर्ण ताकद त्याचा दांडा आत शिरत आला की मिळते. सुरुवातीला, दांडा बाहेर असताना, ओढ बरीच कमी असते आणि आपल्याला जोर हवा असतो तो नेमका सुरुवातीलाच. त्यावरचा उपाय साधा आहे. केबलला किंचित ढील ठेवायची, म्हणजे दांडा थोडा धावत येतो आणि मग खटक्याला हिसका बसतो. ढील जास्त झाली तर खटका पूर्ण ओढला जात नाही, अजिबात नसली तर दांडा जागचा हलत नाही. काही मिलिमीटरांचा हा खेळ हातानेच सापडतो.

दुसरी गोष्ट दिशेची. खटका ज्या रेषेत हलतो त्याच रेषेत केबल ओढली गेली पाहिजे. या दाराच्या पोटात काच खाली उतरते आणि सरळ रेषेत जागाच उरत नाही. आम्ही काच पूर्ण खाली घेऊन, तिच्या कडेला ओली पिवळी माती लावून, वरखाली केली. माती जिथे पुसली गेली ती जागा काचेची. उरलेल्या कोपऱ्यात, दाराच्या खालच्या मागच्या बाजूला, सोलनॉइड उभा बसवला आणि मध्ये एक छोटी कप्पी घालून केबलची दिशा वळवली. त्याखालचं पत्र्याचं ब्रॅकेट जाड हवं. पातळ ब्रॅकेट ओढीने वाकतं आणि सगळा जोर त्याच्या वाकण्यातच जातो.

असा सोलनॉइड क्षणभर वीस-पंचवीस अँपिअर खातो. त्यामुळे ४ चौरस मिलिमीटरची वायर, ४० अँपिअरचा रिले, प्रत्येक दाराला वेगळा फ्यूज, आणि वायर थेट बॅटरीपासून. रिमोटच्या डब्यातून आलेल्या बारीक वायरने फक्त रिले चालवायचा. वीज सेकंदभरापेक्षा कमी वेळ मिळावी असा टायमर हवाच, कारण कॉइलमधून वीज वाहत राहिली तर ती जळते. दारात वायर नेताना बिजागरीपाशी हल्लीच्या मोटारींना असते तशी रबरी नळी घातली. तिच्या दोन्ही टोकांना थोडी वायर जास्त ठेवली आणि दारं बदलायची असल्याने आत एक प्लग दिला.

पुतण्याने विचारलं, “काका, गाडी चालत असताना कुणाचा हात रिमोटवर पडला तर?”

त्याचं उत्तर त्यानेच आणखी एका रिलेने दिलं. इग्निशन चालू झालं की तो रिले ओढला जातो आणि त्याच्या ८७ए या, एरवी जोडलेल्या असणाऱ्या टोकातून रिमोटला जाणारी वीज तुटते. किल्ली फिरवलेली असेपर्यंत रिमोट मुका. लहान मुलं असलेल्या घरात तर हे हवंच हवं.

इथपर्यंत आल्यावर बऱ्याच जणांना काम झालं असं वाटतं. माझा जीव मात्र इथेच टांगणीला होता. प्रदर्शनात गाडी दिवसदिवस उभी राहते, बॅटरी बसते, रिमोटचा सेल संपतो, रिलेच्या टोकावर दमटपणाने हिरवट थर चढतो. यातलं काहीही झालं की बिनहँडलची गाडी बाहेरून बंद पेटी होते. बॉनेटचा खटका आत असला तर बॅटरीपर्यंतही पोचता येत नाही. काच फोडणं हा उपाय मला मान्य नव्हता. या गाडीची काच कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

म्हणून तीन वेगवेगळ्या वाटा केल्या. पहिली रिमोटची. दुसरी एका झाकलेल्या बटणाची, पाणी न शिरणारी, जिला सीटखालच्या वेगळ्या बॅटरीतून वीज मिळते. यूपीएसला लागते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी. क्षणभराच्या ओढीला ती पुरते आणि बाजारात सहज मिळते. शिवाय गाडीखाली दोन झाकलेली टोकं बाहेर काढली आहेत, त्यांना दुसऱ्या गाडीची बॅटरी लावली की यंत्रणा जागी होते.

तिसरी वाट विजेशिवायची, आणि माझा खरा विश्वास तिच्यावर. मोटारसायकलची क्लच केबल, आवरणासकट, दोन्ही दारांना स्वतंत्र. एक टोक लॉकच्या खटक्याला, दुसरं बिजागरीजवळून केबिनखाली नेलेलं, तिथे एक कडी. ती कुठे आहे हे इथे लिहीत नाही, कारण तीच आता गाडीची किल्ली आहे. पण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला डोळे मिटून ती सापडते, तसा सरावच करून घेतला. केबलचं वळण जितकं मोठं ठेवाल तितकी ती हलकी चालते. आवरणात तेल सोडायचं आणि खालच्या तोंडाला रबरी टोपी घालायची, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ती आत गंजून धरते. कसोटी म्हणून दोन्ही बॅटऱ्यांच्या वायरी काढून टाकल्या, आणि संक्रांतीच्या आधीपासून गाडी फक्त केबलवर उघडत राहिलो. थंडीत, धुळीत, धुऊन झाल्यावर. एकदाही अडली नाही, तेव्हा मी मामांना म्हटलं, आता भोक बुजवा.

त्याआधी पॉपर. लॉक सुटलं तरी दार स्वतःहून पुढे येत नाही, आणि धरायला तर काही नाही. चौकटीत बसवलेला स्प्रिंगचा हा खुंटा दार बंद होताना दबतो आणि लॉक सुटताच दाराला सुमारे इंचभर बाहेर ढकलतो. तेवढी फट बोटं घालायला पुरते. खुंटा दाराच्या मागच्या कडेशी, लॉकच्या जवळ असावा. बिजागरीकडे सरकवला तर ढकलायला जोर जास्त लागतो. आणि तो जिथे टेकतो तिथे रंगावर नायलॉनची चकती चिकटवा, नाहीतर आठवड्याभरात पत्रा उघडा पडतो.

आता पत्रा. काचा, रबर, पुठ्ठे सगळं उतरवलं, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि ते ठिपके पुन्हा जात नाहीत. हँडलच्या भोकाभोवतीचा पत्रा इतक्या वर्षांच्या हाताळणीने पातळ झाला होता. मामांनी तो कानसून काढला आणि भोक मुद्दाम थोडं मोठं, गोल कोपऱ्यांचं केलं. टोकदार कोपऱ्यावर उष्णता साठते आणि तिथूनच पुढे चीर जाते. मग नमकीनच्या खोक्याचा पुठ्ठा मागून धरून आकार उतरवला आणि बाहेरच्या पत्र्याच्या जाडीचाच, साधारण एक मिलिमीटरचा तुकडा कापला. जाड तुकडा आणि पातळ पत्रा एकत्र वेगवेगळे तापतात, म्हणून जाडी सारखी हवी. तुकड्याला आधी दाराचा बाक दिला. वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू. भोकावर धरून पाहायचं, पुन्हा पोत्यावर. शेवटी तो भोकात असा बसला की चारी बाजूंनी फक्त वेल्डिंगच्या तारेएवढी फट राहिली.

कित्येक गॅरेजांत तुकडा मागून लावून, पत्र्यावर पत्रा चढवून जोडतात आणि वर जाड लांबी (पुट्टी) भरतात. लवकर होतं. पण त्या दोन पत्र्यांमध्ये ओल शिरते आणि दोन वर्षांत रंगावर हँडलचा आकार उमटतो. जोड कडेला कड लावूनच करावा, हे मामांचं आणि माझं एकमत होतं.

वेल्डिंग सीओटू वायूच्या आवरणातलं, बारीक तारेने. एक टाका वर, दुसरा त्याच्या समोर खाली, तिसरा डावीकडे. आणि प्रत्येक टाक्यानंतर थांबायचं. मामा हाताचा पालथा पंजा पत्र्यावर ठेवत. “कोमट लागला पाहिजे. गरम असताना दुसरा टाका मारला की दार मुरडलंच समजा.” दोन टाक्यांमध्ये ते दुसऱ्या दाराकडे वळत, चहा घेत, परत येत. टाके हळूहळू एकमेकांना भेटत गेले. वेल्डिंग गार होताना आकसतं आणि भोवतालचा पत्रा आत ओढतं, म्हणून मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून टाक्यावरच हलक्या हातोडीने ठोकायचं, म्हणजे तो पुन्हा ताणला जातो. ग्राइंडरही तसाच, थोडा वेळ लावायचा आणि थांबायचं. कुलपाच्या किल्लीचं भोकही असंच बुजवलं. ते लहान, पण लहान भोकाभोवती पत्रा अधिक मुरडतो.

यानंतरचं काम मला सगळ्यात आवडलं. जोडावरचे बारीक खड्डे मामांनी लांबीने न भरता शिसं-कथिलाने भरले, जुन्या पद्धतीने. पत्रा घासून लखलखीत केला, तापवला, नवसागराची पूड टाकली, कथिलाचा हात फिरवला आणि सुती बोळ्याने पुसत गेले. भांड्याला कल्हई करताना जसं काळ्या तळातून एकदम चांदीसारखं पाणी पसरतं, तसं ते दारावर पसरलं. मग ७० भाग शिसं आणि ३० भाग कथिलाची कांडी. ही १८३ अंशांना मऊ व्हायला लागते आणि पुढे बराच वेळ धड घट्ट नाही, धड पातळ नाही अशा अवस्थेत राहते. त्या वेळात मेण लावलेल्या लाकडी पट्टीने ती बसवत न्यायची. उभ्या दारावरून ओघळू न देता हे करणं म्हणजे हातात खरोखर कसब हवं. गार झाल्यावर बॉडी फाइलने, म्हणजे वाकड्या दात्यांच्या मोठ्या कानसीने, उतरवलं. इथे मशीन लावायचं नाही. शिशाची धूळ विषारी असते. तोंडाला चांगला मास्क, मुलं आसपास नकोत, खाली पडलेला कीस कागदावर गोळा करून वेगळा ठेवायचा, आणि हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचा नाही. शेवटी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून सगळा भाग धुतला. नवसागराचा अंश राहिला तर तो रंगाखाली खदखदतो आणि महिन्याभरात फोड येतात.

वर लांबीचा अगदी पातळ हात तरीही द्यावा लागतो, पण नखाच्या जाडीचासुद्धा नाही. पावसाळ्यात हे करू नये. लांबी ओल पिते. दाराच्या आतून, जोडाच्या पाठीवर, जस्ताचा प्रायमर, सीलर आणि वरून मेणाचा फवारा मारला. हे बाहेरून कधीच दिसत नाही आणि दाराचं आयुष्य मात्र त्यावरच ठरतं.

रंगाचं काम ज्याने केलं तो गणपतीत झांक्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या, मूर्ती रंगवतो. प्रायमरवर त्याने काळ्या रंगाचा विरळ फवारा मारला आणि लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासत गेला. उंचवट्यावरचं काळं आधी जातं, खोलगटात राहतं. दोन्ही दारांवर काळं एकसारखं गेलं तेव्हा मामा पहिल्यांदा हसले. वर मूळ गर्द हिरव्याच्या जवळचा रंग दिला.

रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, होऊन गेल्यावर दारं गाडीवर चढली. रिमोट दाबला की आधी लॉकचा जड खट् असा आवाज येतो, मग दार इंचभर पुढे येतं. बाजूने पाहिलं की मडगार्डापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत नजर कुठेही अडत नाही. ज्या कारणासाठी हे केलं ते साधलं, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

देखभालीची यादी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिली आहे. महिन्यातून एकदा दोन्ही कड्या ओढून दारं केबलवर उघडायची, छोट्या बॅटरीचं व्होल्टेज बघायचं, दिवाळी आणि पाडव्याला लॉकमध्ये ग्रीस. डाव्या दाराचं रबर अजून नवीन आणि कडक आहे, त्यामुळे ते उजव्यापेक्षा जोरात बाहेर येतं. रबर बसेपर्यंत तिथला पॉपर दोन आटे आत घेतला आहे. पावसाळा संपला की काटा पुन्हा खटक्याला लावून ओढ मोजायची आणि तो आकडा साडेपाचच्या शेजारी लिहायचा, असं पुतण्याशी ठरलं आहे.